बंदर सर

नांदुऱ्याच्या शाळेत मी रुजू झाले त्याच वर्षी तपासणी झाली आणि शेरेबुकात इन्स्पेक्टरसाहेबांनी लिहिलं : ‘नववीचे इंग्रजी उत्तम. भूगोल चिंताजनक.’ इंग्रजी बंदर सरांचं होतं. भूगोल माझा.

झालं होतं असं. साहेबांनी नववीतल्या एका मुलाला उभं केलं आणि आपल्या गावाचं इंग्रजीत वर्णन करायला सांगितलं. मुलगा घडाघडा बोलायला लागला. आमच्या गावात पहाटे होड्या समुद्रात जातात. वारा ईशान्येचा असला तर जात नाहीत. बायका धक्क्यावर ओळीनं उभ्या राहून मासे चिरतात आणि मिठात घालून पिंपं भरतात. सुरी लागू नये म्हणून त्या बोटांना चिंध्या गुंडाळतात. रविवारी सगळे प्रार्थनेला जातात, फक्त दोन-तीन दारुडे सोडून. साहेब ऐकत राहिले. इंग्रजी इतकं नीट होतं की मध्ये थांबवायला त्यांना सुचलं नसावं. शेवटी ते मराठीवर आले.

“नांदुऱ्यात समुद्र कुठे आहे रे?”

“नांदुऱ्यात नाई साहेब,” मुलगा म्हणाला. “सरच्या गावात हाय.”

“सरांचं गाव कुठलं?”

“नांदुराच.”

महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. माझे यजमान रेल्वेत होते, त्यांची बदली नांदुऱ्याला झाली म्हणून मी तिथे आले. मी रत्नागिरीकडची. दारातून समुद्र दिसायचा अशा घरात वाढलेली. नांदुऱ्यात दारातून दिसायचे कापसाचे गाडे. त्या शेऱ्यानंतर मी रागारागानं सरांना गाठलं. ते शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीत उभे होते. बोट थुंकीनं ओलं करून त्यांनी ते गजांमधून बाहेर धरलं होतं.

“नैर्ऋत्येचा हाय,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले. “आज होड्या गेल्या असत्या.”

मी म्हटलं, “सर, तुमच्या होड्यांपायी माझा भूगोल बुडाला.”

ते वळले. उंच, काटकुळे, चैत्रातसुद्धा अंगात काळा कोट. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. “माफ करा बाई. पण पोरानं एकबी चूक केली नाई. वाऱ्याची दिशासुद्धा बरोबर सांगतली.”

शाळेतली मुलं त्यांना ‘बंदर सर’ म्हणत. म्हणताना हसत, कारण तिकडे हिंदीचा वावर फार आणि बंदर म्हणजे माकड. सरांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी शेपटीवाला कोटातला माणूस काढून ठेवला होता. सरांनी तो पुसला नाही. खाली इंग्रजीत ‘हार्बर’ आणि ‘मंकी’ असे दोन शब्द लिहिले आणि मुलांना दोन्हींची वाक्यं करायला लावली.

ते ‘सरांचं गाव’ कुठून आलं, ते मला पुढे कळलं. सरांचे वडील एका जिनिंग-प्रेसवर कामाला होते. तिथे कापूस सरकीपासून सोडवायचा आणि रुई दाबून गाठी बांधायच्या. त्या यंत्रांचे सुटे भाग पूर्वी विलायतेहून यायचे. या प्रेसचे यायचे स्कॉटलंडहून, मोठ्या लाकडी खोक्यांतून. भाग एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मधल्या जागेत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले असत. खोकी मालकाची, बोळे कचऱ्याचे. सरांचे वडील ते बोळे चूल पेटवायला घरी आणत. सर तेव्हा शाळेत जात, म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात बसत. आत बसायची त्यांच्या वस्तीतल्या पोरांना परवानगी नव्हती. व्हरांड्यातून फळा अर्धाच दिसायचा. उरलेलं इंग्रजी हा पोरगा बोळे उलगडून, मांडीवर सपाट करून शिकला.

सगळे अंक एकाच गावातल्या साप्ताहिकाचे होते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं एक लहान बंदर. त्याचं नाव सर म्हणायचे तसं आम्हाला कुणालाच म्हणता आलं नाही. प्रत्येक खोक्यात त्याच गावचं वर्तमानपत्र कसं, याचा सरांनी बराच विचार केला होता. “खोके भरणारा माणूस त्या गावचा असन,” ते म्हणायचे. “नोकरीसाठी शहरात गेला असन बिचारा. घरून पेपर येत असन. वाचून झाला की आपल्या खोक्यात टाकला.” त्या माणसाबद्दल ते असं बोलायचे की जणू एका चाळीत राहिले आहेत.

पत्र्याच्या पेटीत कडुलिंबाचा पाला घालून त्यांनी ते अंक ठेवले होते. चाळीसेक असतील. एकदा मी आणि यजमान त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी दाखवले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पेटी. कागद तपकिरी झाले होते. ग्रीसचे डाग पडले तिथे पार तेलकट होऊन मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसत होती. त्या अंकांवरून सरांनी एका वहीत गावाचा सगळा इतिहास लिहिला होता : धक्का कधी दुरुस्त झाला, कुणाची होडी कुणाला विकली, शाळेत बक्षीस कुणाला मिळालं, कुणाच्या गायीनं पाद्र्याच्या बागेत शिरून कोबी खाल्ला. अंक सलग नव्हते, त्यामुळे पुष्कळ गोष्टी अर्ध्यावर राहिल्या होत्या. एका खलाशावर दोर चोरल्याचा खटला भरला होता. साक्षी झाल्या होत्या. निकाल पुढच्या अंकात होता आणि पुढचा अंक बहुधा कुणाच्या तरी चुलीत गेला होता.

“तुम्हाले काय वाटते बाई?” सरांनी मला गंभीरपणे विचारलं. “त्यानं नेला असन दोर?”

मी साक्षी वाचल्या आणि म्हटलं, “नेला असेल.”

“नाई,” ते म्हणाले. “त्याची बायको आजारी होती. माणूस तवा दोराचा विचार करत नाई.” वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “लग्न झालं तवापासून हा खटला आयकून राह्यली मी. एखांद्या दिवशी मीच जाऊन सांगतो का दोर मी नेला म्हून.”

मी एकदा विचारलं, त्या गावाला पत्र का नाही लिहीत? ते म्हणाले, “कोणाले लिहू? माझ्या वळखीचे तं सगळे मेले असतील आता.”

समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. मी पाहिलेला, नुसता पाहिलेला नव्हे, तर त्याच्या शेजारी वाढलेली, म्हणून मला मोठा मान होता. सर विचारायचे, भरती आली की आवाज बदलतो का? होडी वाळूवर ओढताना पुढून ओढतात की मागून? मी मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा त्यांच्यासाठी मुद्दाम सुका बांगडा आणला. पुडी सोडल्यावर शिक्षकांच्या खोलीतले बाकीचे सगळे बाहेर पळाले. सरांनी पुडी नाकाशी नेली आणि चटकन लांब धरली.

“असा वास?” ते म्हणाले. “चाळीस अंकांत कोणीच लिहिलं नाई!”

“त्यांना तो येतच नसेल, सर. मलाही घरी येत नाही.”

या उत्तरानं ते इतके खूश झाले की वहीत टिपून ठेवलं.

असे सर. मला वाटायचं, निरुपद्रवी छंद आहे, जगात लोक याहून वाईट गोष्टींचा नाद करतात. नंतर ती आग लागली.

कापसाचा हंगाम संपत आला होता. दुपारच्या तासाला मुलं खिडकीकडे बघायला लागली. गावाबाहेरच्या एका जिनिंगवरून काळा धूर उठला होता. संध्याकाळपर्यंत धुमसत होतं. दोन माणसं गेली, एवढं कळलं. आठवड्यानं गावातल्या साप्ताहिकात बातमी आली. पहिल्या पानावर दोन रकाने. किती रुई जळाली, शेड कशी खाक झाली, मालकांनी प्रसंगावधान दाखवून शेजारचं गोदाम कसं वाचवलं. शेवटची ओळ होती : ‘या दुर्घटनेत दोन मजूर दगावले.’

सरांनी बातमी वाचली, घडी घातली, परत उघडली, परत वाचली. त्या दिवशी त्यांनी वाऱ्याचं काही सांगितलं नाही. शाळा सुटल्यावर माझ्याजवळ आले. “बाई, संपादकाकडे जाऊन राह्यलो. येता का? मी एकटा गेलो तं भांडण होईन.”

साप्ताहिकाचं ऑफिस म्हणजे छापखान्याची पुढची खोली. संपादक स्वतःच छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत बसले होते. भला माणूस, बोटं कायम शाईनं काळी.

“नावं काऊन नाई टाकली?” सरांनी उभ्या उभ्या विचारलं.

“कोणाची?”

“मेले त्याईची.”

“जागा नव्हती सर. अन् नावं कोणाले माहीत होती? हंगामी माणसं थे.”

“अशी कशी जागा नव्हती? गोदामाचं वर्णन केलं तुम्ही. पत्रे किती उडाले थेबी लिहिलं.”

“मंग तुम्ही आणा नावं,” संपादक वैतागून म्हणाले. “छापतो.”

“आणतो,” सर म्हणाले.

परत येताना रेल्वेचं फाटक बंद होतं, तिथे थांबलो तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचे वडीलही असेच गेले होते. गाठी रचताना वरची गाठ अंगावर आली. सर अकरा वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी प्रेस नेहमीसारखा चालू झाला. कुठे एक अक्षर आलं नाही. “मी घरी पेटीतले पेपर काहाडले. म्हटलं पाहू, तिकडे असं कोणाचं झालं का. सापडलं. धक्क्यावर पिंप उतरवताना एक हमाल दबला होता. अर्धा रकाना बातमी. नाव, बापाचं नाव, गल्ली, वय, लेकरं किती, कामाले कसा होता. हमाल होता बाई थो! म्या थे बातमी पाठ केली. त्याच्या नावाच्या जागी माह्या बापाचं नाव घालून.”

मालगाडी गेली. फाटक उघडलं.

पुढचे दोन रविवार सर माहिती काढत हिंडले. मेलेल्या दोघांतली एक बाई होती, नांदुऱ्याचीच, स्टेशनपलीकडच्या वस्तीतली. यशोदा तिचं नाव. तिथे मी सरांबरोबर गेले. नवरा ओट्यावर बसला होता, सात-आठ वर्षांची मुलगी त्याच्या पाठीला टेकून. सर त्या बंदरातल्या बातमीदारासारखे एकेक विचारत गेले. नवऱ्यानं शेवटी विचारलं, “गुरुजी, याच्यानं होईन काय?”

“काहीच होणार नाई, भाऊ,” सर म्हणाले. “लिहून राहीन फक्त.”

नवरा मग म्हणाला, “मंग लिहा, थे भाकर करे तं आख्ख्या गल्लीत कोणाची भाकर तशी फुगत नव्हती.” सरांनी लिहून घेतलं.

दुसरा मेला तो संग्रामपूरकडच्या एका खेड्यातला. हंगामासाठी आलेला, महादेव नावाचा तरुण. सर बसनं त्या गावी एकटेच जाऊन आले. घरात फक्त आई होती. ती फारसं बोलली नाही म्हणाले. एवढंच म्हणाली की पोरगा लहानपणापासून पुढचा विचार न करता उडी घेणारा होता.

आगीतून वाचलेल्या बायकांना ते भेटले तेव्हा खरी हकिकत समजली. शेडला मागून एक दार होतं. कापूस चोरून बाहेर जाऊ नये म्हणून ते कुलूप लावून ठेवलेलं असायचं. धूर झाला तशा सहा बायका गोंधळून जवळच्या त्या दाराकडे धावल्या. यशोदा पुढच्या दारानं बाहेर पडली होती. मागच्या दाराला कुलूप आहे हे तिला आठवलं, म्हणून ती परत आत गेली. त्या सहा जणींना हाका मारून तिनं पुढे वळवलं. त्या बाहेर आल्या, ती राहिली. महादेव तेव्हा बाहेरच्या अंगाला होता. आतून बाईचा आवाज येतोय म्हणून त्यानं पहारीनं कुलूप तोडलं आणि आत शिरला. त्याच वेळी छत खाली आलं.

हे सगळं सरांनी शाळेच्या फुलस्केप कागदावर नीट लिहिलं आणि संपादकांना नेऊन दिलं. संपादकांनी वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

“नावं छापतो. घरचं छापतो. पण सर, हे दार काहाडा.”

“दार काहाडलं तं थे बाई परत काऊन गेली? थो पोरगा आत काऊन शिरला? दोघंबी उगीच मेले असं होते.”

संपादकांचीही अडचण होती. जिनिंगच्या मालकाच्या जाहिरातीवर अंक निघायचा. शिवाय तोच मालक आमच्या शाळेच्या संस्थेवर होता. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी सरांना बोलावलं. मी बाहेर वह्या तपासत होते, दार उघडं होतं.

“तुम्हाला नोकरी नको आहे का?” हेडमास्तरांनी विचारलं. आवाजात धमकी नव्हती, काळजीच होती.

“पाह्यजे सर. दुसरं मले येते काय?”

“मग एक वाक्य गाळायला काय होतं?”

सर म्हणाले, “तुम्ही सांगा, कोणतं गाळू. मी तुमच्यापुढे वाचतो. जे वाक्य खोटं वाटन थे गाळतो.” आणि त्यांनी कागद काढून सगळं वाचून दाखवलं. हेडमास्तरांनी “जा तासाला” म्हटलं. सर घाबरत नव्हते असं नाही. वहिनी त्या दिवसांत मला म्हणाल्या, “झोप नाई त्याईले. पण कोणी सांगतलं का ‘माघार घ्या’, तं माह्यावरच चिडतात. म्हून मी सांगत नाई.”

मग सरांनी एक अजब उपाय काढला. शाळा सुटली की ते छापखान्यात जाऊन बसायचे, बरोबर पेटीतला एक अंक. संपादक खिळे जुळवत असायचे आणि सर त्यांना त्या बंदराच्या बातम्या मराठीत सांगायचे. आज बुडालेल्या होडीची, उद्या पिंपाखाली दबलेल्याची, परवा थंडीत गारठून मेलेल्या म्हाताऱ्या कोळणीची. भांडण नाही, आग्रह नाही. अंक संपला की घडी घालायची आणि “येतो” म्हणून निघायचं. असे आठ दिवस. नवव्या दिवशी संपादकांनी हातातले खिळे खाली ठेवले.

“छापतो,” ते म्हणाले. “जसं लिहिलं तसं छापतो. पण सर, तुमच्या त्या गावात आता कोणाले मारू नका.”

बातमी आली. पहिल्या पानावर, दारासकट. जाहिरात दोन महिने बंद झाली, मग सुरू झाली, कारण गावात दुसरं साप्ताहिक नव्हतं. सरांची नोकरी गेली नाही. पण नव्या सत्रात त्यांची नववी-दहावी काढून घेतली आणि पाचवी दिली. हा माणूस ज्या मुलांवर वर्षानुवर्षं जीव टाकत आला, ती वर्गाबाहेरून जाताना खिडकीत थांबायची. सर आत फळ्यावर ए, बी, सी काढत असायचे. मी हळहळले तेव्हा म्हणाले, “मोठ्या पोराइले येत होतं बाई. याइले काहीच येत नाई. काम जास्ती हाय.” पण नंतर बराच वेळ ते खिडकीशी नुसतेच उभे होते.

हंगाम आला तेव्हा त्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायकांनी सांगितलं, मागच्या दाराला आता कुलूप नसतं.

त्याच हंगामात एका बाजाराच्या दिवशी एक म्हातारी शाळेत आली. महादेवची आई. गावातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की पोराचं नाव छापून आलंय. सरांनी तिला वर्गात आपल्या खुर्चीवर बसवलं. पाचवीची पोरं उभी राहिली. माझा तास मोकळा होता, मीही दारात थांबले. सरांनी अंक आणून तिला महादेवचं सगळं वाचून दाखवलं. पहार, कुलूप, आतून आलेला आवाज.

म्हातारीनं डोळे पुसले नाहीत. ती पुढे वाकली.

“थे बाई कोण होती?”

“यशोदा तिचं नाव, माय. इथचीच.”

“मले घेऊन चाल.”

तासाची घंटा झाली होती. सरांनी कोट चढवला, आणि आम्ही तिघं रूळ ओलांडून त्या वस्तीत गेलो. नवरा कामावर होता. मुलगी एकटी दारात ज्वारी निवडत होती. म्हातारी तिच्यासमोर खाली बसली. मुलीला पाहुण्यांना काय दाखवायचं ते ठाऊक होतं. ती उठून आत गेली. भिंतीवर बातमीचं पान चिकटवलेलं होतं. तिसरीतली पोर, बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली. आधी आपल्या आईचं सगळं, भाकरीसकट. मग खालचं.

“म-हा-देव तु-का-राम. वय चोवीस. लग्न झालेलं नव्हतं. मागे आई आहे.”

“हाव,” म्हातारी म्हणाली. “थे मीच.”